ठासणीची रायफल आणि गोळीभोवतीचा कागद : थोडे प्रयोग, थोडी मदत हवी

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

१८५७चा विषय निघाला की आपली गाडी चरबीपाशी येऊन थांबते. गाईची की डुकराची, कुणी कुणाला सांगितलं, मग मंगल पांडे, मग मीरत. मला त्या काडतुसातला कागद जास्त छळतो. बाहेरचं वेष्टन समजू शकतो, दारू सांडू नये म्हणून. पण एन्फिल्डच्या काडतुसात गोळीभोवतीचा कागद गोळीसकट नळीत जायचा. तो तिथे करत काय होता?

ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडाकडून आत जातं. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं. नळी आतून गुळगुळीत असेल तर गोळी जरा सैल असली तरी बार होतो, फक्त नेमाचा भरवसा नाही. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात आणि गोळीने ते पकडले तरच ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. म्हणजे पेच असा, की आत जाताना गोळी सैल हवी आणि बाहेर येताना घट्ट. त्यात काळ्या दारूची काजळी. काही बार झाले की थर असा बसतो की घट्ट गोळी अर्ध्या वाटेत रुतते.

यावर मिनिए या फ्रेंच कॅप्टनची तोड प्रसिद्ध आहे (१८४९) : गोळीच्या बुडाला पोकळी ठेवायची, दारू पेटली की वायूच्या दाबाने बूड फुगतं आणि आटे पकडतं. त्याच्या बऱ्याच आधी ब्रिटिश फौजेतल्या कॅप्टन नॉर्टनने अशीच गोळी सुचवली होती. त्याला ती दक्षिण भारतात सुचली असं सांगतात. तिथल्या फुंकनळीच्या बाणांच्या बुडाशी कमळाचा मऊ गाभा लावलेला असे, तो फुंकर बसली की फुगून नळी बंद करायचा.

आता एन्फिल्ड पॅटर्न १८५३. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिमी. तिच्यासाठीची गोळी प्रिचेटने आखलेली, सुरुवातीला ०.५६८ इंच. मिनिएच्या गोळीला वंगण धरून ठेवायला अंगावर चर होते, प्रिचेटची साफ गुळगुळीत. शिसं नळीला घासू नये, वंगण नळीभर पुसलं जावं आणि मधली फट भरावी, ही तिन्ही कामं कागदाकडे. ठासायला जड जाते अशा तक्रारी आल्यावर पुढे गोळी ०.५५० इंचांवर आणली. फट तिप्पट झाली आणि कागदावरची भिस्त वाढली.

आणि नळीच्या बाहेर पडताक्षणी याच कागदाने गोळीला सोडून द्यायचं. एक चिटोरा जरी चिकटून राहिला तरी गोळी भरकटते. आत असेपर्यंत फाटायचं नाही, बाहेर आल्यावर टिकायचं नाही. माझं सगळं कुतूहल या एका अटीत आहे. चरबीबद्दल ग्रंथ झाले, या अटीबद्दल मराठीत मला ओळसुद्धा सापडली नाही.

नोकरीमुळे काही वर्षं इंग्लंडात होतो. तिथे जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या रायफली चालवणारे क्लब आहेत. सगळं रीतसर : रायफलीचा दाखला वेगळा, काळी दारू बाळगायचा वेगळा. आमच्या क्लबात एन्फिल्डच्या प्रतिकृती होत्या आणि व्हिटवर्थच्या जातीची ०.४५१ इंची लांब पल्ल्याची एक रायफल होती. कागदाचे बहुतेक प्रयोग तिच्यावर.

पद्धत अशी. कागद समांतरभुज चौकोनात कापायचा, बरोबर दोन वेढे बसतील इतका. कडा तिरक्या, म्हणजे वेढ्याची सुरुवात आणि शेवट एकमेकांना भिडतात, एकमेकांवर चढत नाहीत. ओलसर करून गुंडाळायचा, शेपूट बुडाशी दुमडायचं, वाळू द्यायचं. वाळताना कागद आक्रसतो आणि गोळीला आवळून बसतो. दोन वेढ्यांनी व्यास कागदाच्या जाडीच्या चौपट वाढतो, हे गणित सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं (दुप्पट धरतात). ५० मायक्रॉनचा कागद असेल तर व्यास ०.२ मिमीने वाढणार. गोळी ११.२३ मिमी, वेढ्यांसकट ११.४३, नळी ११.४६ (तीच ०.४५१ इंची). एवढ्या जागेत खेळ.

कागद बदलला की निशाणावरची भोकं लगेच बदलतात. दाराला चिकटवायच्या सूचना छापतो तो साधा झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा, तो या गोळीला जाडच. ट्रेसिंग पेपर वाळला की ठिसूळ. बेकिंगचा सिलिकॉनवाला पाणीच पीत नाही, मग आक्रसणार काय? सगळ्यात चांगला निघाला तो जुना कांद्याच्या सालीसारखा कागद, सुताच्या चिंध्यांपासून केलेला, पातळ, कडकडीत, ओला झाला तरी न फाटणारा. तिकडे तो आता मिळत नाही, जुने साठे शोधत फिरतात. म्हणून हा धागा. ठाणे-मुंबईत असा कागद कुठे मिळेल? मी इथे गोळी ओतत नाही की बार करत नाही. पितळेच्या कांडीवर कागद गुंडाळून फक्त कागद तपासायचा, चांगला निघाला तर क्लबातल्या मित्रांना पाठवायचा.

पार्सिकचा_वाघ

पहिला! वाखू (वाचनखूण) साठवली आहे. कागद नोटेचा घ्या, शंभर टक्के सुती असतो. (हलके घ्या.)

नवाकोरा

मस्त धागा. दोन बाळबोध शंका. एक, गोळी तोंडातून ढकलताना तिथेच कागद फाटत नाही का? दोन, कागद नीट सुटला की नाही हे कळतं कसं, गोळी तर दिसत नाही.

दफ्तरी

धागा आवडला, पण "चरबीपाशी थांबते" याला थोडी पुरवणी. १८५७ मध्ये कागदावरच वाद झाल्याचं ठळक उदाहरण आहे. फेब्रुवारीच्या शेवटी बंगालमधल्या बेऱ्हामपूरला १९व्या पलटणीने काडतुसं घ्यायला नकार दिला, तेव्हा तिथे एन्फिल्ड पोचलीच नव्हती. काडतुसं जुन्याच बंदुकांची होती. पण कागद दोन छटांचा दिसला आणि संशय बळावला. मीरतला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ जणांनी नकार दिला, तीही जुन्याच धर्तीची काडतुसं. म्हणजे नवी काडतुसं प्रत्यक्ष हातात पडलेले शिपाई थोडे. डमडम, अंबाला, सियालकोट इथे प्रशिक्षणाला गेलेले तेवढेच. बाकीच्यांनी जो पाहिला तो नुसता कागद. तो चकचकीत आहे म्हणजे त्यात काहीतरी मुरवलंय, हा तर्क.

एक विचारायचं होतं. दातांनी तोडायचा तो कागद आणि गोळीभोवतीचा कागद एकच का? काही पुस्तकं दातांनी गोळीवरची चरबी चावायला लागे असं लिहितात.

पाचपाखाडीकर

दफ्तरी, बेऱ्हामपूरचं उदाहरण नेमकं. धन्यवाद.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर काडतुसाच्या रचनेत आहे. एन्फिल्डच्या काडतुसात गोळी उलटी असते, टोक दारूकडे. एका टोकाला कागदाची पिळलेली शेपटी, त्याच्या आत दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण लावलेलं टोक गोळीचं. शिपाई तोडायचा ती शेपटी, म्हणजे वंगणापासून सर्वांत लांबचं टोक. दारू नळीत ओतली की काडतूस उलटं करायचं, वंगणवाली बाजू नळीच्या तोंडात दाबायची, उरलेला कोरा कागद मोडून टाकायचा आणि ठासायचं. गोळीभोवती जो राहिला तोच आपला कागद. तो बाहेर पडल्यावर लवकर सुटावा म्हणून त्यात आधीच उभ्या चिरा दिलेल्या असत.

म्हणून शिपायांचा आक्षेप खोटा ठरतो असं मात्र मी म्हणणार नाही. वंगण हाताला लागतंच, तापलेल्या पेटीत ते कागदभर पसरतं, आणि ते कशाचं आहे हे सरकारने सुरुवातीला धड सांगितलं नाही. नंतर हाताने तोडायची कवायत आणली, पण तोवर उशीर झाला होता.

नवाकोरा, तोंडाशी कागद फाटतो, शंका बरोबर आहे. त्यावरची सुरेख तोड ॲल्व्हन क्लार्क या अमेरिकन माणसाची, १८४०चं पेटंट. नळी तयार करतानाच तिच्या तोंडाचा एक तुकडा कापून वेगळा ठेवायचा, त्याचे आटे नळीच्या आट्यांशी तंतोतंत जुळतात. गोळी भरताना तो खोट्या तोंडासारखा बसवायचा, आतून जरा रुंद केलेला असतो, कागद अलगद आत जातो. भरून झालं की काढून ठेवायचा. हाच क्लार्क पुढे दुर्बिणीची भिंगं घासण्यात जगात पहिला गणला गेला. १८६२ मध्ये त्याच्या मुलाने अशाच एका भिंगातून व्याधाच्या ताऱ्याचा जोडीदार पाहिला.

दुसरी शंका : गोळी दिसत नाही, पण कागद दिसतो. बार झाल्यावर (आणि रेंज बंद झाल्याची खूण मिळाल्यावरच) नळीच्या पुढे काही पावलांवर चिटोरे पडलेले असतात. आट्यांच्या कडांनी कापलेल्या अरुंद पट्ट्या मिळाल्या तर सगळं ठीक. कागदाचं अखंड कडं मिळालं तर आटे त्यात रुतलेच नाहीत. जळकी भोकं दिसली तर वायू गोळीच्या बाजूने पुढे निसटतोय. आणि काहीच मिळालं नाही तर कागद गोळीबरोबर गेला, निशाणाकडे बघायचीही गरज नाही.

लेथवाला_वागळे

व्हिटवर्थ म्हणजे बीएसडब्ल्यूवाला (स्क्रूच्या आट्यांचं जुनं ब्रिटिश प्रमाण) व्हिटवर्थ का? आमच्याकडे अजून जुन्या मशिनी दुरुस्तीला आल्या की ५५ अंशाचे टॅप काढावे लागतात.

पाचपाखाडीकर

तोच. मँचेस्टरचा सर जोसेफ व्हिटवर्थ. १८४१ मध्ये त्याने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं, नंतर लष्कराने त्याला रायफलीत लक्ष घालायला सांगितलं. त्याने नळीला खाचा देण्याऐवजी आतून षटकोनीच पिळली. एन्फिल्डच्या नळीत एक पूर्ण पीळ ७८ इंचांत, याच्या नळीत २० इंचांत. एवढ्या घट्ट पिळाने लांबट गोळी स्थिर राहते. १८५७च्या चाचण्यांत लांब पल्ल्याला त्याने एन्फिल्डला पार मागे टाकलं. १८६० मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने स्पर्धेचा पहिला बार काढला तो याच रायफलीतून, ४०० यार्डांवर. रायफल स्टँडवर पक्की बांधून ठेवलेली होती आणि राणीसाहेबांनी फक्त रेशमी दोरी ओढली, हे दरबारी वर्णनांत जरा दबक्या आवाजात येतं.

एवढं करून सैन्याने ती घेतली नाही. महाग, आणि बारीक नळीत काजळी लवकर भरते.

लेथवाला_वागळे

मग पितळी कांडी मी करून देतो. ११.२३ला टर्न करून वर पॉलिश, दोन्ही तोंडं सपाट. सोबत ११.४६ चं रीमर मारलेलं एक कडं देतो, कागद गुंडाळून त्यातून सरकवून बघा. हाताने सरकली पाहिजे, पण सोडली तर पडता कामा नये, बरोबर ना? पण टोक काढायला सांगू नका. शेजारच्या गाळ्यातले आधीच विचारतात.

पाचपाखाडीकर

अगदी तेच हवंय. टोक नकोच.

सिंधुदुर्ग_एक्स्प्रेस

आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. माकडं आणि डुकरं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता उठली की आणायची, तोवर डुकरांना रान मोकळं. त्यात दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, मग परत बोळा. कागदाचा संबंध फक्त परवान्याच्या झेरॉक्सपुरता. आमच्या बंदुकीत तुमचा हा प्रकार चालेल का?

पाचपाखाडीकर

नाही. ती नळी आतून गुळगुळीत. आटेच नाहीत तर कागद कुणाला पकडणार आणि कोण त्याला कापणार? तुमचा बोळा वायू अडवायचं काम करतो, तेवढं त्या बंदुकीला पुरे.

संपादक मंडळ

धागा माहितीपूर्ण आहे, चालू राहू द्या. फक्त वाचकांसाठी : शस्त्र कायदा १९५९ नुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची साधनं यांचाही 'दारूगोळा' या व्याख्येत समावेश आहे, म्हणजे घरी गोळ्यांचा साचा आणून शिसं ओतणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे. दारू बनवणं, तिचं प्रमाण वगैरे प्रतिसाद उडवले जातील.

पार्सिकचा_वाघ

एक गंभीर शंका (खरंच). काळी दारू इतकी घाण करते तर आधुनिक धूररहित दारू का नाही वापरत?

पाचपाखाडीकर

कधीच नाही. तिचा दाब फार वाढतो, ठासणीची नळी तो सोसत नाही. नळी फुटते, आणि चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. शिवाय आपल्या विषयापुरतं सांगायचं तर काळ्या दारूचा तो एकदम बसणारा धक्काच मऊ शिशाला आखूड करून जाड करतो आणि कागदासकट आट्यांत दाबतो. काजळीवर उपाय एकच : प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसायची. कागदी गोळीला हे टाळता येत नाही, खरखरीत काजळीवर कागद घासला की संपला. लढाईत हे कोण करणार? म्हणून हा प्रकार लष्करापेक्षा निशाणबाजांच्या हातात जास्त फुलला. मेटफर्ड या इंग्लिश इंजिनिअरने १८६५च्या सुमारास उथळ आटे आणि जरा कठीण केलेली कागदी गोळी अशी जोडी जमवली. उथळ आटे कागदाला कमी जाचतात, पुसायलाही सोपे.

त्या काळातली क्रीडमूरची स्पर्धा वाचण्यासारखी आहे, न्यूयॉर्कजवळ, सप्टेंबर १८७४. आयरिश संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन, अमेरिकन संघ मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स घेऊन. ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. त्यात एका आयरिश नेमबाजाचा अचूक मध्यावर बसलेला बार शेजाऱ्याच्या निशाणावर गेला होता, तो धरला असता तर निकाल उलटा लागला असता. ठासणीची रायफल तिथे हरली असं मी मानत नाही.

टंकनिका

मी ठाणे कोर्टाबाहेर बरीच वर्षं टायपिंग केलं. तुम्ही वर्णन करताय तो आमचा मॅनिफोल्ड कागद. वर हिरवा लेजर, त्याखाली कार्बन आणि मॅनिफोल्ड, कार्बन आणि मॅनिफोल्ड, पाच-पाच प्रती निघायच्या. हातात घेतला की कडकड वाजायचा. कंप्युटर आल्यावर कुणी विचारेना. माझ्याकडे कपाटावर अर्धं रीम पडून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. चालेल का? नाहीतर अब्दुल रहमान स्ट्रीटवर जुन्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारा, माळ्यावर पडलेला असतो.

पाचपाखाडीकर

ताई, चालेल काय, धावेल! नौपाड्यात असाल तर मीच येऊन घेऊन जातो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कागदीघोडे

ऑफसेटच्या धंद्यात आहे म्हणून बोलतो. तुम्ही सगळे जाडीच्या मागे लागलाय, धर कुणी विचारलाच नाही. मशिनवरच्या कागदात तंतू एका दिशेला लोळलेले असतात, ती दिशा म्हणजे धर. ओला झाला की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद आडव्या धरात (तंतूंना आडव्या दिशेने) जास्त पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने जास्त आक्रसतो. तुम्हाला कांडीला आवळून बसायला हवा असेल तर वेढा आडव्या धरात आला पाहिजे. धर ओळखायला एक चौकोन एका बाजूने ओला करा, तो वळेल. वळलेल्या नळीची लांबी ज्या दिशेला, तोच धर.

हातकागद मात्र घेऊ नका. पुण्याचा असो की खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा, सुती असतो, चिवट असतो, त्याला धरही जवळपास नसतो, पण जाडी एकाच तावात जागोजागी बदलते. तुमच्या ०.०३ मिमीच्या फटीत त्याचं काम नाही.

पाचपाखाडीकर

हे फार कामाचं. क्लबात मात्र याच्या उलट मानणारे बरेच होते. त्यांचं म्हणणं, उभ्या धरात वेढा दिला तर कागद ओढून ताणून बसवता येतो, फाटत नाही. आडव्या धरात ओला कागद ओढला की लांबतो आणि कडा जुळत नाहीत. दोन्ही करून बघतो.

कागदीघोडे

करून बघाच. पण ओढायचाच कशाला? ठेवा, फिरवा, वाळू द्या. ओढाताण कागद लक्षात ठेवतो.

पाचपाखाडीकर

अपडेट. टंकनिकाताईंचा कागद मायक्रोमीटरवर ४५ ते ४८ मायक्रॉन. लेथवाल्यांची कांडी आणि कडं मिळालं (पैसे घेत नव्हते, मामलेदारच्या मिसळीवर तडजोड झाली). आडव्या धरात गुंडाळलेला कागद वाळल्यावर कांडीवर हाताने फिरत नाही, कड्यातून मात्र सुळकन सरकतो. उभ्या धरातला बसतो छान, कडाही सुरेख जुळतात, पण अंगठ्याने पिळला तर फिरतो. कागदीघोडे, घट्टपणात तुमची सरशी. पण नळीतून बाहेर पडल्यावर कोणता लवकर सुटेल हे कांडी सांगू शकत नाही, ते तिकडच्या मित्रांच्या चिटोऱ्यांवरून कळेल. माझी पैज अजून उभ्या धरावर आहे. उभे तंतू आट्यांच्या कडेला आडवे येतात, कापले जातात, आणि कापलेला कागदच सुटतो.

कागदीघोडे

लागली पैज. पाठवताना दोन्ही गठ्ठ्यांवर धराचा बाण काढून पाठवा, नाहीतर तिकडे सगळे एकत्र करतील.

टंकनिका

आणि एक. त्या कागदात मध्यभागी वॉटरमार्क आहे, उजेडात धरा. तिथे कागद पातळ असतो. टाइप करताना फुलस्टॉप जोरात पडला की बरोबर तिथेच भोक पडायचं. तुकडे कापताना तो भाग वगळा.

पाचपाखाडीकर

आत्ता मोजलं. वॉटरमार्कवर ३८. वगळतो.